समुपदेशकाच्या पाठीशी कोण? मानसिक आरोग्यसेवा दूरवर पोचवण्याच्या कामात करिअर

मानसिक आरोग्याचं काम म्हटलं की डोळ्यांसमोर दोन खुर्च्या येतात. एकीवर तज्ज्ञ, दुसरीवर पेशंट. जिथे सेवा पोचलेलीच नाही तिथे हे चित्र फारसं कामाचं नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात उपचार न मिळालेल्यांचं प्रमाण आजारानुसार ७० ते ९२ टक्के निघालं. (त्या सर्वेक्षणातल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हे तो आकडा आपल्या जिल्ह्याच्या अहवालात चिकटवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.) देशात लाख लोकसंख्येमागे एक मनोविकारतज्ज्ञसुद्धा नाही. ही दरी कॉलेजं वाढवून एका पिढीत बुजत नाही. म्हणून गेल्या वीसेक वर्षांत जगभर एक रीत रुजली आहे: काम वाटून घ्यायचं. जे काम गावातली शाळा शिकलेली बाई नीट शिकून करू शकते ते तिने करायचं आणि ज्यांना तज्ज्ञाची खरोखर गरज आहे तेच पेशंट त्याने पाहायचे.

ही रीत चालते, याचे भक्कम पुरावे आहेत. तरीही बहुतेक ठिकाणी ती दोन-तीन वर्षांत ढेपाळते, आणि ढेपाळण्याची जागा जवळपास ठरलेली आहे. समुपदेशक मिळतात, प्रशिक्षणही होतं. दर आठवड्याला तिचं काम ऐकणारं, अडलेलं सोडवणारं, धोक्याच्या वेळी फोन उचलणारं माणूस मात्र नसतं. या क्षेत्रात करिअर करायचं असेल तर ते माणूस व्हायचं ठरवा. पुढचं सगळं त्याच बेताने लिहिलं आहे.

आधी चार ठिकाणं नीट समजून घ्या

पाकिस्तानात रावळपिंडीच्या ग्रामीण भागात अतिफ रहमान आणि सहकाऱ्यांनी गरोदर आणि बाळंतिणींच्या नैराश्यासाठी १६ भेटींचा कार्यक्रम आखला. भेटी द्यायच्या त्या सरकारी ‘लेडी हेल्थ वर्कर’नी, म्हणजे आपल्या आशाताईंसारख्या कार्यकर्त्यांनी. २००८ मध्ये निकाल आला: सहा महिन्यांनी कार्यक्रमातल्या २३ टक्के आयांना नैराश्य होतं, तुलनेच्या गटात ५३ टक्के. यशाचं एक मर्म साधं होतं. कार्यक्रम आईच्या आजारावर बोट न ठेवता बाळाच्या तब्येतीवर बोलत होता. त्यामुळे सासूचीही हरकत आली नाही.

झिम्बाब्वेच्या हरारे शहरात मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडांनी २००६ साली १४ आज्यांना घेऊन दवाखान्याच्या आवारात बाक मांडले. सुरुवातीला त्याला ‘मानसिक आरोग्याचा बाक’ म्हणत, आणि त्यावर कुणी बसेना. आज्यांनीच नाव बदलायला लावलं, तेव्हा तो ‘मैत्रीचा बाक’ झाला. नैराश्याला तिथे शोना भाषेतला ‘कुफुंगिसिसा’ हा शब्द वापरतात, म्हणजे अति विचार करणं. २०१६ मध्ये २४ दवाखान्यांतल्या ५७३ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात फरक स्पष्ट दिसला.

गोव्यात ‘संगत’ संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ लोकांवर तीव्र नैराश्यासाठीचा छोटा उपचार तपासला. सहा ते आठ सत्रं, प्रत्येक ३०-४० मिनिटांचं, आणि देणारे सामान्य समुपदेशक. २०१७ मध्ये आलेल्या निकालात तीन महिन्यांनी ६४ टक्के लोक नैराश्याच्या रेषेखाली आले होते (म्हणजे प्रश्नावलीत नैराश्य धरलं जातं त्याहून कमी गुण), केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. हा ३९ चा आकडा विसरू नका, पुढे लागणार आहे.

चौथं ठिकाण विदर्भ. ‘विश्राम’ प्रकल्पात अमरावती जिल्ह्यातल्या गावांत नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचलेल्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. सहापट वाढ झाली, आणि तरीही चारातले जवळजवळ तीन जण बाहेरच राहिले. दोन्ही वाक्यं एकाच दमात म्हणता आली पाहिजेत.

अपयशही वाचा. गोव्यातल्याच ‘मानस’ अभ्यासात (२०१०) सरकारी केंद्रांत लाभ दिसला, खासगी दवाखान्यांत दिसला नाही. खासगी डॉक्टर आपल्या पेशंटांना आधीपासून वेळ देत असावेत, हे त्याचं एक स्पष्टीकरण. एका ठिकाणी चाललेलं दुसरीकडे उचलून ठेवलं की चालतंच असं नाही.

पाच मिनिटांचा हिशेब, जो मुलाखतीत विचारला जावा

एका प्राथमिक आरोग्य केंद्राखाली सपाट भागात साधारण ३०,००० लोक येतात. त्यांत प्रौढ २०,००० धरा. वरच्याच सर्वेक्षणात प्रौढांमधलं चालू नैराश्य २.७ टक्के निघालं होतं. त्या दराने ५४० माणसं. आता समुपदेशक एक. महिन्याचे कामाचे दिवस २२, दिवसाला चार सत्रं, म्हणजे ८८. त्यातली एक चतुर्थांश रद्द होतात: पाऊस, कापणी, लग्नसराई, यात्रा. उरली ६६. माणशी सरासरी पाच सत्रं धरली तर महिन्याला १३ माणसं आणि वर्षाला दीडशेच्या आसपास.

म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी पहिल्या वर्षी ५४० पैकी दीडशे. देणगीदाराला ‘पूर्ण तालुका कव्हर करू’ असं लिहून देणाऱ्याने हा हिशेब केलेला नसतो. आणि अशा पाच समुपदेशकांमागे एक मार्गदर्शक लागतो. त्याला या क्षेत्रात सुपरवायझर म्हणतात, पण मुकादम हा अर्थ डोक्यातून काढून टाका.

कोणत्या दाराने शिरायचं

मानसशास्त्रात एम.ए. केलं म्हणून नावापुढे ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ लावता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते. आजवर त्याची वाट दोन वर्षांच्या एम.फिल.मधून जात होती. तो अभ्यासक्रम आता मागे पडतोय आणि त्याच्या जागी नवे येताहेत. प्रवेश घेताना संस्थेच्या जाहिरातीवर विसंबू नका. परिषदेच्या संकेतस्थळावरच्या मान्यता यादीत संस्थेचं नाव, अभ्यासक्रम आणि मान्यतेचं वर्ष तिन्ही तपासा. फी भरल्यावर कळलं तर दोन वर्षं पाण्यात.

समाजकार्याची पदवी असेल तर मनोविकार समाजकार्याकडे वळता येतं, आणि समुदायातल्या कामाला ही पार्श्वभूमी सगळ्यांत जवळची. नर्सिंगवाल्यांनी मनोविकार परिचर्येचा विचार करावा. या वाटेने जाणारे थोडे, त्यामुळे मागणी कायम. एम.बी.बी.एस. झालेल्यांना मनोविकारशास्त्रात एम.डी.च करायला हवं असं नाही. प्राथमिक केंद्रातला वैद्यकीय अधिकारी नैराश्य, अपस्मार (फिट येणं), दारू आणि सायकोसिस (भास-भ्रमांचा गंभीर आजार) ओळखून प्राथमिक उपचार देऊ लागला तर तालुक्याचं चित्र पालटतं. जागतिक आरोग्य संघटनेचा २००८ मध्ये सुरू झालेला ‘एम-एच-गॅप’ कार्यक्रम याच माणसासाठी आहे.

कायद्यातूनही येता येतं. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा कलम १८ मध्ये उपचार मिळण्याचा हक्क देतो आणि कलम २१ मध्ये विमा कंपन्यांना मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायला सांगतो. कागदावरचं हे जमिनीवर उतरवायला वकील कमी पडतात. पुण्याच्या आय.एल.एस. विधी महाविद्यालयात मानसिक आरोग्य, कायदा आणि मानवी हक्कांवरची आंतरराष्ट्रीय पदविका आहे, आणि तिथे बाहेरच्या देशांतले लोकही शिकायला येतात.

आणि एक दार बहुतेकांना दिसतच नाही. श्रीलंकेत १९९० च्या दशकात आत्महत्यांचं प्रमाण जगातल्या सर्वांत वरच्या देशांमध्ये होतं. सरकारने अत्यंत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि पुढच्या वीस वर्षांत ते प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक घसरलं. एवढे जीव वाचवणाऱ्यांत विषतज्ज्ञ होते, शेतीखात्यातले अधिकारी होते, आकडेमोड करणारे होते. समुपदेशनाची ओढ नसेल तर ती नाही म्हणून हळहळू नका. यवतमाळ-अमरावतीच्या संदर्भात या कामाला किती वाव आहे ते वेगळं सांगायला नको.

मानसिक आजारातून स्वतः गेलेल्या माणसाचा अनुभव हीही पात्रता आहे. फक्त ‘तुमची गोष्ट सांगा’ एवढ्यापुरतं बोलावणाऱ्या संस्थेकडे मानधन, पद आणि निर्णयात मत या तिन्हींची विचारणा करा.

पहिले सहा महिने: खर्च जवळजवळ शून्य

मानसिक आरोग्याचे कोर्स विकणाऱ्यांची बाजारात रेलचेल आहे. दोन दिवसांत ‘सर्टिफाइड काउन्सेलर’ करणाऱ्यांना एक पैसाही देऊ नका. खरं साहित्य फुकट आहे.

पहिल्या महिन्यात ‘एम-एच-गॅप’ची उपचार-मार्गदर्शिका वाचून काढा, २०१६ ची दुसरी आवृत्ती जागतिक आरोग्य संघटनेच्या संकेतस्थळावर मिळते. नैराश्य, सायकोसिस, अपस्मार, दारू आणि आत्महत्या ही पाच प्रकरणं दोनदा. दुसऱ्या महिन्यात त्याच संघटनेचं ‘क्वालिटी-राइट्स’ हे ऑनलाइन प्रशिक्षण करा. बांधून ठेवणं, कोंडणं, संमतीशिवाय उपचार यांबद्दलच्या आपल्या कल्पना तिथे चांगल्याच हादरतात.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात त्याच संघटनेच्या ‘प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस’ या छोट्या समुपदेशन पद्धतीची पुस्तिका घ्या. पाच सत्रं, आठवड्याला एक, प्रत्येक ९० मिनिटांचं, आणि चार कौशल्यं: ताण उतरवण्यासाठी संथ श्वास, समस्या तोडून तिच्यावर काम करणं, थांबलेली कामं पुन्हा सुरू करणं, माणसांचा आधार वाढवणं. पुस्तिका नुसती वाचू नका. मैत्रिणीला पेशंट करा, पाचही सत्रं मराठीत करून पाहा आणि रेकॉर्ड करा. ‘आपण समस्यांचं वर्गीकरण करूया’ असलं वाक्य तोंडातून निघालं की पुन्हा ऐका. ‘यातलं आपल्या हातात काय आहे, काय नाही, ते वेगळं करूया’ असं म्हटलं तर समोरची बाई मान हलवेल.

पाचव्या-सहाव्या महिन्यात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या ओपीडीत परवानगी घेऊन बसा किंवा एखाद्या संस्थेबरोबर गावभेटी करा. ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतली एक फेरीही हवी, कारण समुदायातली सेवा का हवी याचं उत्तर तिथल्या वर्षानुवर्षं घरी न गेलेल्या माणसांत आहे. ज्यांना लगेच पगार हवा आहे त्यांनी टेलि-मानस या सरकारी फोन-समुपदेशन सेवेच्या केंद्रांतल्या जागा पाहाव्यात. तिची १४४१६ ही हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. फोनवरचं काम थकवतं, पण सहा महिन्यांत जितक्या तऱ्हांचे प्रश्न कानावर येतात तितके वर्गात दोन वर्षांतही येत नाहीत.

चाळणी लावण्याआधी खाली भांडं ठेवा

नवख्या प्रकल्पांची सर्वांत मोठी चूक ही: उत्साहात पाच हजार लोकांची तपासणी करायची, चारशे जणांना ‘तुम्हाला नैराश्य असू शकतं’ सांगायचं आणि पुढे पाठवायला जागाच नसायची. गाव पुढच्या वेळी दार उघडत नाही. सत्र देणारी व्यक्ती, औषध आणि तज्ज्ञाकडे पाठवायची सोय, या तीन गोष्टी जागेवर आल्याशिवाय तपासणीचा फॉर्म छापायलाही देऊ नका.

बहुतेक ठिकाणी पी-एच-क्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. गुण ० ते २७. १० आणि त्यावर गेलं की पुढे सविस्तर बोलायचं. हे निदान नव्हे, चाळणी आहे. मराठीत विचारताना तीन ठिकाणी घोळ होतो.

पहिला, ‘रस न वाटणं’. ‘कंटाळा येतो का?’ विचारलं तर कष्टाची कामं करणारी कुठलीही बाई हो म्हणेल. ‘आधी जे आवडीने करायचात, भजनाला जाणं, नातवंडाशी खेळणं, ते आता नकोसं वाटतं का?’ असं विचारा.

दुसरा, उत्तरांची मोजपट्टी. ‘अर्ध्याहून जास्त दिवस’ म्हणजे किती हे कुणाला पटकन कळत नाही. उत्तर येतं ‘कधी कधी’. चौदा खडे किंवा चिंचोके समोर ठेवा, ‘हे गेले चौदा दिवस, यातले किती दिवस असं झालं, तेवढे बाजूला काढा’ म्हणा. सात-आठ खडे निघाले की उत्तर आपोआप ठरतं.

तिसरा घोळ सगळ्यांत गंभीर. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. नवीन कार्यकर्ते तो चाचरत विचारतात किंवा स्वतःच ‘नाही’ भरून टाकतात. विचारल्याने विचार डोक्यात घुसतो ही समजूत चुकीची आहे. सरळ विचारा: ‘जगू नये असं मनात येतं का? स्वतःला काही करून घ्यावं असं येतं का?’ उत्तर हो असेल तर पुढचे प्रश्नही ठरलेले: काय करायचं मनात आहे, त्यासाठीची वस्तू हाताशी आहे का, आधी कधी प्रयत्न झालाय का. तातडीचा धोका दिसला तर माणसाला एकटं सोडायचं नाही, घरातली कीटकनाशकं आणि औषधं त्याच्या संमतीने दुसऱ्या घरी कुलपात जातील हे बघायचं, आणि सोबत माणूस देऊन दवाखान्यात पोचवायचं. नुसती चिठ्ठी हातात देऊन नाही. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन कधीही देऊ नका. जीवाला धोका असेल तर सांगावं लागेल हे पहिल्याच सत्रात बोलून ठेवायचं असतं. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्यावर पोलीस केस होईल या भीतीने घरचे लपवतात. २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ असं माणूस तीव्र तणावाखाली होतं असंच गृहीत धरतं, हे घरच्यांना समजावून सांगा.

आठवड्याचे दोन तास

आता मूळ मुद्दा. दहा दिवसांचं प्रशिक्षण झालेली समुपदेशक पहिल्या महिन्यात पुस्तिकेप्रमाणे चालते. तिसऱ्या महिन्यात ती सल्ले देऊ लागते. ‘मनाला लावून घेऊ नका’, ‘मुलांकडे बघा’, ‘देवाचं करत जा’. यात तिचा दोष नाही. समोरचं माणूस रडायला लागलं की प्रत्येकाला ते थांबवावंसं वाटतं आणि सल्ला हा थांबवण्याचा सोपा मार्ग. ही घसरण तिला स्वतःला दिसत नाही, महिन्याच्या अहवालातही दिसत नाही. ती फक्त सत्र ऐकल्यावर दिसते.

म्हणून चार-पाच जणींचा गट, आठवड्याला दोन तास, वार आणि वेळ न बदलता. पहिली १५ मिनिटं धोक्याच्या केसेस, नावं न घेता. मग एका सत्राच्या ध्वनिमुद्रणातली २० मिनिटं सगळ्यांनी ऐकायची आणि एक शब्दही न बोलता आधी कागदावर गुण द्यायचे. पुढची २५ मिनिटं चर्चा. मार्गदर्शकाने सर्वांत शेवटी बोलायचं, कारण तो आधी बोलला की बाकीच्यांचे गुण त्याच्यासारखे होतात. ४० मिनिटं अडलेला प्रसंग प्रत्यक्ष करून बघायचा, आणि ज्या समुपदेशकाचं सत्र होतं तिने पेशंट व्हायचं. आपलंच वाक्य समोरून ऐकल्यावर जे कळतं ते शंभर सूचनांनी कळत नाही. शेवटची २० मिनिटं समुपदेशकांची स्वतःची. या आठवड्यात काय जड गेलं? बहुतेक मार्गदर्शक ही २० मिनिटं आधी कापतात आणि वर्षभरात दोन समुपदेशक नोकरी सोडून जातात.

गोव्यातल्या कामात समुपदेशक एकमेकांची सत्रं ऐकून ठरलेल्या निकषांवर गुण देत, सोबत तज्ज्ञही असत, आणि सरावाने जबाबदारी त्यांच्याकडे सरकत गेली. दुसऱ्याचं काम मोजायला सामायिक निकष हवे असतील तर जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफचं ‘इक्विप’ हे संकेतस्थळ मोफत आहे; देहबोली, ऐकण्याची पद्धत, धोक्याची विचारपूस अशा बाबींवर कुठे इजा होऊ शकेल आणि कुठे कौशल्य आहे, ते पायऱ्यांनी नोंदवता येतं.

ध्वनिमुद्रणाला पेशंटची वेगळी संमती घ्या, नकार दिल्यास उपचार थांबणार नाही हे आधी सांगा. फाइल व्हॉट्सॲपवर कदापि पाठवायची नाही. गट ऐकून झाला की फोनमधून पुसायची.

ऐकताना कशाकडे लक्ष द्यायचं? गृहपाठ किती मोठा दिला गेला, इथून सुरुवात करा. नैराश्यातलं माणूस ‘बरं वाटलं की करीन’ म्हणत थांबलेलं असतं आणि उपचार त्याला उलटं शिकवतो: आधी थोडं करा, बरं वाटणं मागून येईल. तिथे ‘रोज तासभर चाला’ म्हणणं म्हणजे पुढच्या सत्राला त्याने न येण्याची व्यवस्था करणं. ‘उद्या सकाळी चहा झाल्यावर शेजारच्या काकूंबरोबर विहिरीपर्यंत’ हा योग्य गृहपाठ. वेळ, जागा, सोबत, तिन्ही ठरलेलं.

आणखी दोन चुका जिवावर बेतू शकतात. घरात मारहाण होतेय हे कळल्यावर समुपदेशकाने नवऱ्याला जाब विचारणं, ही एक. ती रात्र त्या बाईला काढायची असते. संरक्षण अधिकारी (कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेला), सुरक्षित नातेवाईक, बाईची स्वतःची इच्छा या क्रमाने विचार करायचा आणि फोन घरात सगळे वापरतात हे गृहीत धरून मेसेज पाठवायचा नाही. दुसरी चूक भगत-देवऋषींशी भांडण उकरण्याची. गुजरातमध्ये मीरा दातार दर्ग्यात ‘दवा-दुआ’ नावाने दोन्ही शेजारी चालवण्याचा प्रयोग झाला तो उगीच नाही. अंगारा लावू दे, गोळीही घेऊ दे. साखळदंड, मारहाण, उपाशी ठेवणं मात्र अजिबात चालणार नाही, ही रेघ स्पष्ट ठेवायची.

औषधं: थोडक्यात, पण मोजून

तुम्ही डॉक्टर नसाल तरी साठ्याचा हिशेब यायला हवा. रोज एक फ्लुओक्सेटिनची (नैराश्यावरची) गोळी घेणारे ४० पेशंट म्हणजे महिन्याला १,२०० गोळ्या. तीन महिन्यांची मागणी ३,६००, वर एक महिन्याची राखीव धरून ४,८००. मागणी गोळ्या संपायला आल्यावर नव्हे, राखीव साठ्याला हात लागायच्या आत पाठवायची. सायकोसिसच्या पेशंटची गोळी दोन आठवडे तुटली की आजार उलटतो आणि घरच्यांचा विश्वास जातो. नैराश्याच्या गोळीचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, हे पहिल्याच दिवशी सांगितलं नाही तर दहाव्या दिवशी ती बंद झालेली असते. व्हॅल्प्रोएट हे अपस्मारावर आणि काही मनोविकारांवर देतात ते औषध मूल होण्याच्या वयातल्या बाईला चालू दिसलं तर डॉक्टरांच्या लगेच नजरेस आणा. गर्भाला त्याचा मोठा धोका असतो.

आकडे असे ठेवा की तुम्हालाच फसवणार नाहीत

‘आम्ही १,००० लोकांपर्यंत पोचलो’ याला अर्थ नाही. गळती दाखवा. समजा १,००० तपासले, ८० चाळणीत सापडले, ५० पहिल्या सत्राला आले, ३० जणांनी सत्रं पुरी केली, १८ जण रेषेखाली आले. माणसांच्या संख्येने सर्वांत मोठी गळती कुठे? ८० वरून ५०, म्हणजे पहिल्या भेटीच्या आधीच. याचा अर्थ सत्र सुधारण्यापेक्षा बैठकीची जागा, वेळ, आणि दारावरची ‘मानसिक आरोग्य कक्ष’ ही पाटी बदलून बघा. हरारेच्या आज्यांनी हेच सांगितलं होतं.

आणि आता तो ३९. गोव्यात खास उपचार न मिळालेल्यांपैकीही ३९ टक्के तीन महिन्यांत रेषेखाली आले. नैराश्य काही अंशी आपणहून उतरतं, आणि माणसं मदतीला येतात ती अगदी वाईट दिवसांत. म्हणून ‘आमचे ४० टक्के पेशंट बरे झाले’ हे वाक्य तुलनेशिवाय काहीच सिद्ध करत नाही. हे उमगलेला माणूस कार्यक्रमाच्या बैठकीत वेगळा उठून दिसतो. नोकरीच्या दृष्टीने बोलायचं तर आकडे समजणारा मार्गदर्शक अतिशय दुर्मीळ आहे.

परदेश कधी, आणि कशासाठी

लंडनमध्ये किंग्ज कॉलेज आणि लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन मिळून जागतिक मानसिक आरोग्यात एम.एस्सी. चालवतात. अभ्यासक्रम चांगला. पण पदवीनंतर थेट गेलात तर वर्गात बोलायला तुमच्याकडे काही नसेल आणि परतल्यावर तुम्ही मार्गदर्शक नव्हे, फक्त कर्जदार असाल. दोन-तीन वर्षं एका जागी काम करून जा. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला तसाही सुमारे दोन वर्षांचा, २,८०० तासांचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते. अर्जात ‘मला समाजाला परत द्यायचं आहे’ लिहिण्याऐवजी किती समुपदेशकांना किती आठवडे मार्गदर्शन केलं आणि त्यांच्या गुणांत काय बदललं, ते लिहा.

युद्ध, भूकंप, निर्वासित छावण्या इथलं काम वेगळ्या शिस्तीचं. तिथे आपत्तीतल्या मानसिक आरोग्यसेवेसाठीची २००७ ची आंतरसंस्था मार्गदर्शक तत्त्वं पाठ हवीत, विशेषतः त्यांतला चार थरांचा पिरॅमिड: तळाशी पाणी, निवारा, सुरक्षितता, त्यावर कुटुंब आणि समाजाचा आधार, मग प्रशिक्षितांची साधी मदत, आणि टोकाला तज्ज्ञ. नवखे लोक टोकापासून सुरुवात करतात. अशा जागांना फ्रेंच किंवा अरबी येत असेल तर अर्ज वर येतो, म्हणून भाषा आत्ताच सुरू करा.

दुभाष्याबरोबर काम करण्याचा सराव तर इथे मेळघाटातही होतो. दुभाष्याला पेशंटच्या किंचित मागे बाजूला बसवा, बघायचं पेशंटकडे, वाक्य छोटं, आणि घरच्या माणसाला, विशेषतः मुलांना, दुभाषा करायचं नाही. सत्र संपल्यावर दुभाष्यालाही पाच मिनिटं द्या. ते सगळं त्याच्या तोंडून गेलेलं असतं.

सही करण्यापूर्वी

या क्षेत्रात पगार ठीक, स्थैर्य कमी. सरकारी कार्यक्रमातल्या बऱ्याच जागा ११ महिन्यांच्या कराराच्या. संस्थांमध्ये नोकरी प्रकल्पाच्या आयुष्याएवढी. मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारा: माझ्याखाली किती समुपदेशक असतील? (सातच्या वर आकडा असेल तर ते मार्गदर्शन नाही, हजेरी आहे.) माझं काम कोण ऐकणार? धोक्याच्या केसला रात्री कोणता मनोविकारतज्ज्ञ फोन उचलेल, आणि त्याचा लेखी होकार आहे का?

परदेशी निधीवर चालणाऱ्या संस्थेत असाल तर विदेशी अंशदान कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीचे दोन मुद्दे माहीत हवेत. आलेला निधी दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आहे. मार्गदर्शकाचा पगार अंदाजपत्रकात चुकून ‘प्रशासन’ या शीर्षाखाली गेला की कात्री पहिल्यांदा त्याच्यावर चालते. तो सेवेच्या खर्चात, समुपदेशकांच्या ओळीला लागून, तासांसकट मांडून घ्या.

प्रकल्प तीन वर्षांचा असेल तर शेवटचे सहा महिने निरोपाचे धरा. त्या काळात नवीन गाव उघडायचं नाही. चालू पेशंटांची नोंदवही केंद्राच्या रजिस्टरला जोडायची, औषधांची मागणी वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सहीने दोन वेळा तरी जाऊ द्यायची, आणि आठवड्याची ती बैठक जिल्हा कार्यक्रमातल्या माणसाला चालवायला देऊन आपण मागच्या खुर्चीवर बसायचं. बारा बैठका तुमच्याशिवाय नीट पार पडल्या, तर पुढच्या अर्जात लिहायची पहिली ओळ तीच.